ब्रेकबाईंचा उजवा पाय

या बाईच्या पायाला भिंगरी आहे, हे सासरच्यांनी लग्नानंतर लगेचच ठरवून टाकलं होतं. चहा उभ्याने, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत, फोनवर बोलायचं तर अंगणभर फिरत. बसायची ती फक्त गाडीत, आणि तेही दुसऱ्याला शिकवायला. नवऱ्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. तो ऑफिसात बसून लोकांना रहदारीचे नियम समजावून सांगायचा. स्वतः स्टिअरिंग धरलं की त्याला घाम फुटायचा, ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. रस्त्यावर शिकवायचं काम तिचं. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. त्यावर तिचा उजवा पाय असा काही पडायचा, की शिकणाऱ्याला आपली चूक कळण्याआधी गाडी थांबलेली असायची. म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणत.

अशा बाईला तापाने अंथरुणाला खिळवलं. ताप चिवट निघाला, जाता जाईना. तिची नणंद, वयाने मोठी म्हणून ती त्यांना वन्सं म्हणायची, आजारपण काढायला येऊन राहिली. नवरा गेल्यापासून वन्सं एकट्याच होत्या, त्यामुळे त्यांनाही कुणीतरी माणूस हवंच होतं. शेवटी ताप उतरला, पण जाताना बाईंच्या अंगावरचं होतं नव्हतं ते मांस घेऊन गेला. डॉक्टरांनी आणखी विश्रांती सांगितली. मग ब्रेकबाई खिडकीशी खुर्ची टाकून, डाव्या गुडघ्यावर उजवा पाय चढवून, वरचं पाऊल हलवत, रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढत दिवसचे दिवस बसून राहिल्या.

एकदा दुपारी त्या खुर्चीतून उठल्या आणि उजवं पाऊल जमिनीवर फट्‌दिशी आपटलं. उचलायला गेल्या तर पुढचा भाग वर येईना. नडगीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा होता, जणू कातडीवर कुणी कागद चिकटवलाय. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला. पण पुढच्याच आठवड्यात चप्पल पायातून निसटून दारातच राहिली आणि त्यांना ते स्वयंपाकघरात पोहोचल्यावर कळलं. तेव्हा मात्र हा नुसता अशक्तपणा नव्हे, हे त्यांनी ओळखलं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाऊल अडखळू नये म्हणून गुडघा उंच उचलून टाकायची सवय लावून घेतली. नवऱ्याने विचारलंच, चिखलातून चालल्यासारखी का चालतेस? तुमच्या घरात पसाराच तेवढा असतो, असं म्हणून त्यांनी त्याचं तोंड बंद केलं. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. आता पाय दाखवला तर पुन्हा खुर्ची नशिबी येईल, या धास्तीने त्या उलट लवकरच कामावर रुजू झाल्या.

पहिली शिकाऊ वन्संच. गाडी शिकायची त्यांची फार जुनी इच्छा होती, आणि भीती त्याहून जुनी. स्टिअरिंग त्या भरल्या हंड्यासारखं दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. समोरून कुणी आलं की आधी त्याला मनातल्या मनात नमस्कार करायच्या.

त्या सकाळी गाडी गोदामांच्या मागच्या उतारावर होती. बाजूच्या बोळातून एक सायकलवाला, मागे दोन सिलिंडर बांधलेला, मान खाली घालून थेट पुढ्यात आला. ब्रेकबाईंनी पाय उचलला. पण पाऊल खाली लोंबलेलं. अंगठा ब्रेकच्या पट्टीखाली अडकला. त्यांनी पाय ओढला, तसा तो आणखीच रुतला.

गाडी गचका खाऊन थांबली. सायकलच्या चाकापासून हातभर अंतरावर. सायकलवाल्याने वळून पाहिलं, दोन शेलक्या शिव्या घातल्या आणि तो निघून गेला.

वन्संचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. त्यांनी आधी हँडब्रेक ओढला. मग खाली वाकून त्यांनी शेजारी पाहिलं.

"वहिनी, तुझा पाय कुठे होता?"

"अडकला. होतं कधीकधी."

"कधीकधी म्हणजे कधीपासून?"

बूट सोडवण्यासाठी ब्रेकबाईंना हात लावून पाय काढावा लागला, आणि ते वन्संनी पाहिलं. त्यांनी गाडीची किल्ली काढून आपल्या पिशवीत टाकली. संध्याकाळी अजून दोन विद्यार्थी आहेत, किल्ली द्या, असं बाईंनी तीनतीनदा सांगितलं. चिडून, मग लाडीगोडी लावून. वन्संवर परिणाम शून्य. ही माझ्यासारखी घाबरट गाडीत होती म्हणून आज निभावलं, एवढंच त्या म्हणाल्या. भित्र्या माणसाचा पाय सदा ब्रेकवरच असतो.

नसांच्या डॉक्टरीणबाईंनी पायात बारीक वीज सोडून तपासलं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकाशी बोट ठेवलं. पाऊल उचलणारी नस इथे अगदी कातडीखालून जाते. अंगावर मांस असतं तेव्हा तिला गादी मिळते. ती गेली, आणि तुम्ही पायावर पाय टाकून तासन्‌तास नस दाबत बसलात. तुटलेली नाही, चेमटली आहे, भरून येईल, पण तिच्या गतीने. तोवर गाडी बंद.

नवऱ्याला हसू आवरेना. जन्मात एकदा बसली, आणि बसण्यानेच पाय गेला, असं काहीतरी तो म्हणाला. मग बायकोचं तोंड पाहून गुपचूप तिच्या पायाशी बसून बुटातला, पाऊल वर धरणारा प्लास्टिकचा आधारपट्टा कसा बांधायचा ते शिकू लागला.

पुढचे महिने सगळ्या घराची परीक्षा होती. पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. दिवसातून अनेकदा टॉवेलने पाऊल ओढायचं, आणि उचलत नसलेल्या पावलाला उचल म्हणून मनाने सांगत राहायचं. ते ऐकायचं नाही. आपल्याच अंगाचा एक भाग आपल्याला ओळख देत नाही, याचा त्यांना संताप यायचा. स्कूलसाठी एक पोरगेला शिक्षक ठेवला होता. फाटकाशी त्याने गिअर खरडला की घरात यांचे दात करकरायचे. भाजी जास्त तिखट, पंखा जास्त हळू, वन्संचं बोलणं जास्त शांत. एकदा तर त्यांनी आधारपट्टा भिरकावून दिला. तो कपाटाखाली गेला आणि हाताला लागेना, म्हणून त्या तिथेच जमिनीवर बसून रडल्या. वन्सं आल्या, पट्टा काढून दिला आणि शेजारी टेकल्या.

"वन्सं, परत नाही आला तर?"

"तर लंगडत शिकवशील. तोंड तर शाबूत आहे."

उरलेले धडे त्या नव्या शिक्षकाकडे घेऊन त्याच सुमारास वन्संनी गाडीची परीक्षा दिली. त्या पहिल्याच झटक्यात पास झाल्या. कुणालाच खरं वाटेना, त्यांना स्वतःला तर अजिबात नाही. मग व्यायामासाठी बाईंना दवाखान्यात न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. वाटेत ब्रेकबाई क्लच, आरसा, अंतर, सगळ्यावर टीका करायच्या. वन्सं ऐकायच्या आणि आपल्याला हवी तशीच चालवायच्या.

पावसाळा उलटून गेला होता. आंघोळीनंतर पाय पुसताना बाईंना अंगठा किंचित वर आल्यासारखा वाटला. त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं. पुन्हा हलला. ओला पाय तसाच धरून पुनःपुन्हा करून पाहत राहिल्या, तो आपोआप सुकेपर्यंत.

पाऊल परत आलं, पण पुरतं नाही. आजही दमल्या की अंगठा खाली झुकतो आणि पायरीला ठेचकाळतो. डॉक्टरीणबाईंनी तपासून परवानगी दिल्यावर ब्रेकबाई सकाळचे वर्ग घेऊ लागल्या. संध्याकाळच्या गाडीत, पायाचं बळ सरलेलं असताना, बसायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. काही वर्षांनी वन्संनी शिकवण्याचा परवाना काढला, आणि संध्याकाळी गाडी शिकायला येणाऱ्या बायका आता त्यांच्याकडे शिकतात. त्यांचे विद्यार्थी जरा सावकाश शिकतात, अशी ब्रेकबाईंची तक्रार आहे, आणि ती त्या अंगणात फेऱ्या मारत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.