बुटक्याचे चार

कल्पना करा, तुम्ही एका बंद शिवणकामाच्या दुकानात बसला आहात. कापड बेतायच्या लांब टेबलावरची खडूची धूळ नुकतीच पुसली आहे आणि कात्र्या खिळ्यांना टांगल्या आहेत. टेबलाच्या टोकाला मामी बसली आहे. दुकान तिचं आणि खेळातली गोष्टही तिचीच. ती म्हणायची, "पुढे राक्षसाचा किल्ला आहे," की पोरं म्हणायची, आम्ही आत शिरतो. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा सांगायचा.

तर त्या टेबलाशी शेजारच्या दोघी जुळ्या होत्या, भिंगरी होती आणि त्या दिवसांत तिचा धाकटा भाऊ टिल्लूही येऊ लागला होता.

खेळात प्रत्येकाने एक कूळ घ्यायचं; भिंगरी माणूस होती. माणसाच्या कुळाला जन्माने काही मिळत नाही, सगळं शिकावं लागतं. सुट्टीभर खेळून, दोनदा खंदकात पडून तिने लपण्याच्या कलेचे चार गुण मिळवले होते. फाशावर जे पडेल त्यात ते चार मिळवायचे. म्हणून तर ती टोळीची वाटाडी होती.

टिल्लूने बुटक्याचं कूळ घेतलं आणि बुटक्याला लपण्याचे चार गुण जन्मजातच असतात. आयत्या बिळावर नागोबा. भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. त्यात हा पठ्ठ्या दर वेळी तिच्याही पुढे जायचा. जुळ्या त्याचे गाल ओढून म्हणायच्या, काय गं तुझा भाऊ. ती ओठ मुडपून फासा पुसत बसायची.

एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, तू लपायला शिकलास कधी रे? तो म्हणाला, शिकलो कुठे, बुटका आहे म्हणून चार आहेत. आणि भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुळाचे चार त्याने आपल्या कागदावर कलेच्या रकान्यात लिहिले होते आणि फासा टाकताना तेच चार पुन्हा कुळाचे म्हणून धरत होता. तिने ते जपून ठेवलं, नेमक्या वेळेसाठी.

ती वेळ किल्ल्यात आली. मामीने सांगून ठेवलं होतं, राक्षसाच्या गळ्यातली किल्ली जो आणेल तो पुढचा वाटाड्या. राक्षस जागा झाला तर सगळे बाहेर आणि पुन्हा दरवाज्यापासून सुरुवात, वाटाडी भिंगरीच. किल्ली काढायला पंधरा हवे होते. भिंगरीला दहा पडले. तिचे चार धरून चौदा. वरून पिंजरा आदळला आणि ती आत अडकली. राक्षस कूस बदलून पुन्हा घोरू लागला. आणखी एक चूक झाली की तो जागा होणार होता.

मग टिल्लूने फासा टाकला. "नऊ. चार कलेचे, चार बुटक्याचे. सतरा." जुळ्या टाळ्या पिटणार, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "मामी, त्याने चार दोनदा धरलेत. एकच चार आहेत ते."

मामीने चष्मा वर करून टिल्लूचा कागद पाहिला. खरं होतं. ती म्हणाली, हे माझ्याच नजरेतून सुटलं, मीच बघायला हवं होतं. नऊ आणि चार तेरा. टिल्लूचा चेहरा एवढासा झाला. लबाडी नव्हती ती, त्याला खरंच कळलं नव्हतं. भिंगरीला वाटलं होतं, आता पोटात गार वाटेल. वाटलंही, पण घटकाभरच.

"एक नियम अजून आहे," मामी म्हणाली. "जन्मजात गुण दुसऱ्याला देता येत नाही, पण शिकलेला देता येतो. शिकलेलं माणूस जवळ असेल आणि त्याने कानात सांगितलं, तर त्याची निम्मी कला समोरच्याला मिळते. पिंजरा जवळच आहे. सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

निम्मे म्हणजे दोन. तेरा आणि दोन पंधरा. किल्ली टिल्लूची, आणि वाटाड्याही टिल्लूच. गप्प बसलं की वाटाडी आपणच. भिंगरीने हिशेब केला. टिल्लू तिच्याकडे बघतही नव्हता. नाक ओढत फाशाकडे बघत होता.

"ताई, राहू दे," तो पुटपुटला.

भिंगरीने खुर्ची सरकवत त्याच्याजवळ नेली. आधी त्याच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला. मग त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "टाच नको टेकवूस. आधी बोटं."