धुक्यात मारलेला गोल

आमच्या विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहून द्या, असं मला सांगितलं गेलं आणि मी मूर्खासारखा हो म्हणून बसलो. क्रीडाखात्याच्या बाई घरी आल्या, व्हर्नाने केलेला केक दोनदा मागून खाल्ला, आणि म्हणाल्या, "ऑरेस्ट, तुम्ही स्वतः संघात खेळलात, वर जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात. तुमच्याइतका लायक माणूस मिळणार कुठे?" चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर! बाईंची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हाच व्हर्ना म्हणाली होती, "कशाला ही नसती उठाठेव?" बायकोचं ऐकायचं नाही, हे व्रत मी पन्नास वर्षं निष्ठेने पाळलंय.

पहिली पन्नास वर्षं भराभर लिहून झाली. त्या काळातले बहुतेक सगळे मेलेत, आणि मेलेली माणसं वाद घालायला येत नाहीत. घोडं अडलं ते चौऱ्याहत्तर सालापाशी. त्या साली आम्ही करंडक जिंकलो. एकदाच जिंकलो, पुन्हा कधी नाही, म्हणून आमच्या गावात त्याचं कोण कौतुक. जादा वेळेत लॉर्न पेटकाउने गोल मारला आणि ऑटर लँडिंगसारख्या आडगावच्या पोरांनी मोठ्या शहरवाल्यांना पाणी पाजलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मीही तसंच लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात लॉर्नचाच फोन आला.

"ऑरेस्ट, शनिवारी माझी जर्सी वर चढवणार आहेत. नऊ नंबर. मान म्हणून छताला टांगणार."

"माहितीये की! अख्ख्या गावाला माहितीये. भाषण लिहिलंस का?"

"तेच तर. काय लिहू? मला तो गोल आठवतच नाही."

"अरे, डोक्याला लागलं होतं तुझ्या. कसा आठवेल?"

"नाही, तू समजत नाहीयेस," तो म्हणाला. लॉर्न मुळातच हळू बोलतो, त्या दिवशी त्याहून हळू बोलत होता. "लोक मला पन्नास वर्षं दुकानात थांबवून हात मिळवतात. माझ्या नातवाने शाळेत त्यावर निबंध लिहिला. आणि मला आतून एकदाही वाटलेलं नाही की तो मी मारला. तू तिथे होतास. खरं सांग, माझा होता का? नसेल तर मी जर्सी वर जाऊ देणार नाही. शनिवारी येईन आणि सरळ नाही म्हणून सांगेन."

मी 'तुझाच रे बाबा' म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, शनिवारच्या आत शोधून सांगतो. कारण मला माहीतच नव्हतं. इतिहासाचा मास्तर मी, गोलपुढच्या त्या झुंबडीत जातीने हजर होतो, आणि मला माहीत नव्हतं!

झालं होतं असं. मार्च महिना, बाहेर अचानक ऊब आलेली, आणि आमच्या जुन्या मैदानाला सगळे कोठार म्हणायचे, होतंही ते तसंच. बाहेर ऊब आली की आत बर्फावर धुकं धरायचं, कमरेइतकं, मग छातीइतकं. पंच शिट्टी मारायचे आणि दोन्ही संघांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. आम्ही सगळे गोल गोल स्केटिंग करून धुकं हलवायचो, थोडं विरळ झालं की पुन्हा खेळ. त्या दिवशी तर आम्ही खेळलो कमी आणि धुकंच जास्त ढवळलं. जादा वेळेत पंचही कंटाळले आणि चालू द्या म्हणाले. शहरवाल्यांच्या गोलपुढे आमची झुंबड उडाली. मी, लॉर्न, आयनार आणि गॅस्पार, वर त्यांचे चार-पाच धटिंगण. मी कुणाच्या तरी अंगावर, कुणीतरी माझ्या अंगावर. माझ्या स्टिकला काहीतरी लागलं खरं. ती खेळायची रबरी चकती असेल, नाहीतर आयनारची नडगी असेल. मग गोल झाल्याचा लाल दिवा लागला. चकती जाळ्यात पडलेली, आणि लॉर्न खाली बर्फावर निपचित.

आत ड्रेसिंग रूममध्ये गुणलेखक आला, हातात कागद. "गोल कोणाचा?"

आता आमच्यातली रीत सांगतो. आमच्यात 'गोल मी मारला' असं कुणी म्हणत नाही. म्हणणारा मनातून उतरतो. वार्ताहराने कितीही खोदून विचारलं तरी उत्तर एकच, "पोरं छान खेळली." गॅस्पारने एकदा एकाच सामन्यात चार गोल मारले आणि बाहेर येऊन म्हणाला, बर्फ फार छान केला होता आज. तर गुणलेखकाने विचारल्यावर मी म्हणालो, आयनारचा असेल. आयनार म्हणाला, छे, गॅस्पारचा. गॅस्पार म्हणाला, मी? ऑरेस्टला विचारा. पुन्हा फिरून सगळं तेच. गुणलेखकाला शेवटची बस गाठायची होती, तो चिडला. लॉर्न बाकावर आडवा, डोक्यावर ओला टॉवेल, शुद्ध हरपलेली. आमच्या प्रशिक्षकाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "लॉर्नचा लिहा." तिथे नाही न म्हणणारा लॉर्न एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी लॉर्नला दवाखान्यात जाग आली ती लोकांनी आणलेल्या फुलांमध्ये.

आता पन्नास वर्षांनी शनिवारच्या आत याचा निकाल मी लावायचा! बुधवारी गेलो आयनारकडे. हिवाळाभर तो गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपीत बसून भोकातून मासे पकडतो. बायको सिग्रून म्हणते, घरात बोलावं लागतं म्हणून पळतो.

"आयनार, तो गोल तुझा होता का रे?"

"दार लाव आधी. मासे थंडीने मरतील," तो म्हणाला. मग भोकातली दोरी जराशी ओढून पाहिली. "कुठला गोल?"

"सोंग करू नकोस, म्हाताऱ्या!"

"गॅस्पारचा होता. त्याचंच मनगट तसं चालायचं."

"तू पाहिलंस?"

"धुक्यात? मला माझे स्वतःचे हात दिसत नव्हते."

"मग कशावरून म्हणतोस?"

"मग तुझा असेल," तो म्हणाला, आणि मला एक मासा देऊन वाटेला लावलं.

गॅस्पारला जाऊन सहा वर्षं झाली. गुरुवारी नदीपलीकडे त्याच्या बायकोकडे गेलो, ओडेटकडे. तिने मांसाची पाई पुढ्यात ठेवली, शेजारी गोड लोणचं ठेवलं, आणि आधी खाऊन घे म्हणाली. मग मी विचारलं. तिने टेबलावर नसलेले कण पुसले.

"गॅस्पार म्हणायचा, पोरं छान खेळली."

"ओडेट, अगं मी वार्ताहर नाही. लॉर्नचा जीव टांगणीला लागलाय."

"आणखी पाई घे," ती म्हणाली. विषय संपला.

घरी येऊन मी व्हर्नावर उगीचच डाफरलो. शंभर वर्षांचं पुस्तक लिहितोय, आणि ज्या एका गोलामुळे लोक ते विकत घेतील त्याचा बाप सापडत नाही, म्हणजे काय! माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. आयनारचं ऐकताना वाटायचं गॅस्पारचाच, आणि झोपायला आडवा झालो की माझ्या हाताला तो झटका पुन्हा जाणवायचा. व्हर्ना विणकाम करत होती. ती डोकं वर न करता टाके मोजत राहिली.

लॉर्नला फोन केला. "सगळे म्हणतात तुझाच."

"सगळे म्हणजे कोण? कुणी पाहिला?"

"पाहिला कुणीच नाही."

"मग ती ऐकीव गोष्ट झाली. राहू दे ऑरेस्ट. मी शनिवारी स्वतःच विचारतो."

शनिवारी दुपारी कोठार खचाखच भरलं होतं. बर्फावर लाल गालिचा, छतावरून लोंबणारी दोरी, दोरीच्या टोकाला गुंडाळलेली नऊ नंबरची जर्सी. आम्ही जुने खेळाडू बायकांसकट पहिल्या रांगेत, मांड्यांवर घोंगड्या घेऊन. लॉर्न काठी टेकत गालिच्यावरून गेला. त्याची बायको अगाथा त्याला धरून होती. टाळ्या थांबेनात. त्याने हात वर केला.

"मी भाषण लिहिलं नाही," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. तो गोल मला आठवत नाही. माझा असेल असं मला वाटतही नाही. इथे माझे सोबती बसलेत. पोरांनो, ज्याचा असेल त्याने उठून यावं. दोरी त्याने ओढावी. मी बहात्तर वर्षांचा आहे रे, मला दुसऱ्याचं काही अंगावर घेऊन मरायचं नाहीये."

कोठारात चिडीचूप. मी आयनारकडे पाहिलं, आयनारने माझ्याकडे. दोघांनीही माना खाली घातल्या. ध्वनिक्षेपकात लॉर्नचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. मग जर्सी खाली घ्या."

तेव्हा ओडेट उठली.

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक, पण त्या शांततेत सगळीकडे पोचला. "गॅस्पारचा होता. त्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणाला. मी त्याला शब्द दिला होता. देवा, मला माफ कर, पण या माणसाचे हाल मला बघवत नाहीत."

लोकांत कुजबुज उठली. मी सुटकेचा श्वास टाकला. चला, लागला निकाल! तेवढ्यात आयनारच्या पलीकडून सिग्रून ताडकन उभी राहिली.

"काय? गॅस्पारचा? मग आयनारने मला पहिल्याच भेटीत काय सांगितलं होतं?" ती नवऱ्याकडे वळली. "चकती कोपराने ढकलली म्हणालास, आठवतंय? जागेवर बसून कोपर करूनसुद्धा दाखवलंस!"

आयनार घोंगडीत इतका खाली सरकला की नुसती टोपी दिसत होती. लोक हसायला लागले. मीही हसलो, मोठ्याने. आणि मग शेजारून घोंगडी बाजूला झाल्याचं मला जाणवलं.

"व्हर्ना, खाली बस."

"कोट सोड माझा."

"व्हर्ना, तुझ्या पाया पडतो!"

"केनोराच्या तळ्यावर, होडीत," व्हर्ना सगळ्या कोठाराला सांगत होती. "मी म्हटलं होतं, या माणसात काय आहे? तर हा म्हणाला, तो गोल खरं तर माझा, पण लॉर्न बिचारा आजारी आहे, राहू दे त्याला. त्या मोठ्या मनावर भाळून मी लग्न केलं! पन्नास वर्षं!"

मी असं बोललो होतो? देवाशप्पथ आठवत नाही. पण व्हर्ना खोटं बोलत नाही, ही माझी जुनी अडचण आहे. माझे कान तापले. आता हसायचं की बर्फाखाली जायचं, तेही कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी खोटं बोललो होतो की खरं, हेही मला सांगता येईना.

कुणीतरी मागून ओरडलं, "अगाथा, तुझा काय म्हणाला होता?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. अगाथा लॉर्नचा दंड धरून उभी होती. ती लाजाळू बाई, चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसते. तिने ध्वनिक्षेपकाकडे वाकून बघितलं.

"लॉर्न मला म्हणाला, मी पडलो," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. कधीच नाही."

मला लॉर्नकडे बघवत नव्हतं, तरी बघत होतो. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, उठून जावं. पण तो हसत होता, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतोय.

"अरे लेकांनो," तो म्हणाला, "पन्नास वर्षं मला वाटत होतं, चोर मी एकटाच आहे!"

त्याने दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. ओडेटला बोलावलं, सिग्रूनला बोलावलं, व्हर्नाला बोलावलं. म्हणाला, "या गोलाला इतकी वर्षं यांनीच सांभाळलंय. ओढा गं." अगाथा धरून चौघी जणी बर्फावरचे जाड बूट घालून ओढायला लागल्या, एक जोरात, एक हळू, आणि जर्सी हेलकावे खात तिरकीच वर गेली. माझ्या बाजूला आयनार उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी त्याला हळूच विचारलं, "खरंच कोपराने?"

"माहीत नाही रे," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."