उजळलेला फोटो

शेतातल्या झोपडीतून ओढून आणलेले बाज्याचे गाठोडे बांधावर उपडे पडले होते आणि भाग्येश काठीच्या टोकाने त्यातली एकेक वस्तू बाजूला सारत होता. बायकोचे धुवट लुगडे, जर्मनची तपेली, विळा, मुलीचे तिसरीचे पुस्तक. काठी पुस्तकाची पाने उलटत राहिली. थंडीतले ऊन अजून जमिनीला लागायचे होते.

अकील चार पावलांवर उभा होता. खांद्यावरचा कॅमेरा त्याला आज परक्या माणसाच्या हातासारखा जड वाटत होता. समोर, तोडणी झालेल्या उसाच्या शेवटच्या कोपऱ्यात, पाखरांसाठी म्हणून राखलेल्या दहा सऱ्यांमध्ये एक नायलॉनचे जाळे अर्धे फाटून लोंबत होते. पहाटे कुत्री भुंकली तेव्हा पाखरे धरून विकणारे जाळेवाले पळाले. पण त्याआधी त्यांचे पिंजरे भरले होते. दोन वर्षे त्या उसात मुक्कामाला येणाऱ्या साठ-सत्तर हिरव्या मुनियांपैकी मागे राहिल्या चार, त्याही मेलेल्या. शेताच्या मालकीण मंगलाबाईंनी त्या पदरात गोळा करून बांधावर एका ओळीत ठेवल्या होत्या. चोची अजून लाल होत्या.

ही जागा चौघांनाच ठाऊक होती: मंगलाबाई, त्यांचा मुलगा भाग्येश, राखणदार बाज्या आणि शहाद्यात फोटो स्टुडिओ चालवणारा अकील. त्यातला बाज्या काल मोलगीच्या बाजाराला म्हणून गेला होता आणि उजाडताना परतला होता. भाग्येशला तेवढे पुरेसे होते.

काठी थांबली. पुस्तकातून एक फोटो गळून पडला.

"हाऊ फोटो तुन्हाकडे कसा?" भाग्येशने विचारले.

"अकीलभाऊनी दिधा," बाज्या म्हणाला. "पोरले दखाडाले."

"पोरले का गिऱ्हाइकले?"

भाग्येशने काठीने उडवलेला फोटो अकीलच्या पायाशी येऊन पडला. तो उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

महिन्यापूर्वी त्याने पहिला फोटो मंगलाबाईंना दाखवला होता. तारेवर बसलेली मुनिया, मागे पांढरे धगधगते आकाश. अशा आकाशापुढे कॅमेरा उजेडालाच भुलतो. सारे मोजमाप आकाशाचे होते आणि एवढासा जीव अंधारात बुडतो. मंगलाबाई खळखळून हसल्या होत्या. "अकील, हाई काय? कोळसाना तुकडा काढा का तू? मन्ही मुनिया हिरवी शे!" ते हसू त्याला लागले होते. दुसऱ्या दिवशी त्याने आकाशाची पर्वा सोडली. उजेड दोन टप्पे चढवला, आकाश जळू दिले, उरलेल्या सावल्या स्टुडिओत बसून संगणकावर उचलल्या. पोटाचा पिवळा, पाठीचा शेवाळी, कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे, सगळे अंधारातून वर आले. आपण एका पाखराला उजेडात जन्म दिला, असे त्याला त्या दिवशी खरोखर वाटले होते.

मंगलाबाईंची अट एकच होती. "फोटो काढ, पन गावनं नाव कोठे सांगू नको." त्याने ती पाळली. पक्षिचित्रांच्या एका मोठ्या ग्रुपवर त्याने तो फोटो टाकला तेव्हा जागा कोणती, असे पन्नास जणांनी विचारले. त्याने एकालाही उत्तर दिले नाही आणि त्या मौनाचाही त्याला अभिमान वाटला.

आता बांधावर वाकून तो पाहत होता. पाखराच्या मागे, चौकटीच्या कडेला, विजेच्या डीपीची पेटी होती. पहिल्या फोटोत ती पाखराइतकीच काळी होती. सावल्या उचलल्या तेव्हा पेटीही उजळली होती आणि तिच्यावर चुन्याने लिहिलेली अक्षरेही: 'रतिलाल डीपी, लोणखेडा'. रतिलाल म्हणजे मंगलाबाईंचे दिवंगत पती. या भागात डीपी शेतकऱ्याच्याच नावाने ओळखतात. पाण्याच्या पाटावर कोणालाही विचारले तर तो बोट दाखवील. त्याने रात्र-रात्र त्या पाखराची पिसे मोजली होती. अक्षरे वाचली नव्हती.

सांगायला हवे होते. पण सांगितले तर काम जाणार होते. पुढच्या महिन्यात भाग्येशच्या लग्नाचे काम त्याच्याकडे होते; पाटावरच्या सगळ्या घरांची लग्ने त्याच्याचकडे होती.

"बाज्या," मंगलाबाई म्हणाल्या, "त्या मरेल पाखरंस्वर हात ठेव. आन सांग."

बाज्या गुडघ्यांवर बसला. त्याने तळहात चारी पाखरांवर अलगद ठेवला, जणू ती दचकतील. "मी नही करं, माय."

"हात थरथरस तुन्हा."

रात्रभर जीपच्या टपावर बसून आलेल्या माणसाचा हात होता तो. अकीलला ते दिसत होते. त्याने फोटो उचलला आणि पालथा धरला.

"जाय," मंगलाबाई म्हणाल्या.

"आन आते कोन्ही राखणले ठेवाव नही तुले," भाग्येश म्हणाला. "बठ्ठा गावले सांगसू."

बाज्याने तपेली लुगड्यात ठेवली. मग पुस्तक. त्यावरची माती त्याने बाहीने पुसली, पुन्हा पुसली. ते पुसणे अकीलला पाहवेना.

"काकू, त्यानी नही करं," तो म्हणाला. आवाज स्वतःचा वाटला नाही. "मन्हा हातथून व्हयनं. हाऊ फोटो मी जगले दखाडा. डीपीवर काकानं नाव दिसस, पाहा."

मंगलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. पतीच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"आते बोलना तू?" त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं गाठोडं उलटं व्हयनं तव्हय कोठे व्हता? मी त्याले हात ठेवाले लावा, तव्हय?"

भाग्येशने काठी टाकली आणि तो उगाचच जाळे सोडवू लागला.

मंगलाबाई बाज्याकडे वळल्या. त्यांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत गेला आणि मध्येच थबकला. "बाज्या, झोपडीमा जाय. पोरले, बायकोले आठेच ऱ्हाऊ दे. चूक मन्ही व्हयनी. ऱ्हाशी ना?"

बाज्याने गाठ मारली. दाताने ओढून घट्ट केली. गाठोडे डोक्यावर घेतले, विळा कमरेला खोवला, झोपडीच्या दाराशी उभ्या बायको-पोरीला खुणेने बोलावले आणि पाटाच्या कडेकडेने तो सडकेकडे चालू लागला.

"बाज्या, ऱ्हाशी ना रे?"

तो चालत राहिला.