वाचून कायम

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," मी म्हटलं आणि वही उघडली.

लगेच सगळे आपापल्या उद्योगाला लागले. औषधवाल्यांनी मोबाइल काढला. रिटायर पोस्टमननी चष्मा पुसायला घेतला. तो ते विषय क्रमांक एकला काढतात आणि चहा आला की डोळ्यांवर चढवतात. अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, मान खुर्चीला टेकवून डोळे मिटले. पंचवीस वर्षं मी या संस्थेची चिटणीस आहे आणि पंचवीस वर्षं माझं इतिवृत्त कोणी ऐकलेलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी मुद्दाम मधली दोन पानं गाळून वाचलं होतं, तरी सर्वानुमते कायम झालं.

त्या दिवशी मात्र एक अक्षर गाळलं नाही. आवाज वाढवला नाही, कमी केला नाही. शेवटचा परिच्छेदही त्याच चालीत वाचला.

"कुणाची काही हरकत?"

"मंजूर, मंजूर," औषधवाले मोबाइलमधूनच म्हणाले.

मी वही वकीलसाहेबांपुढे सरकवली. त्यांनी टोपण काढून झोकात सही ठोकली आणि विचारलं, "चहा सांगितलाय ना?"

आमचं रुग्णसाहित्य केंद्र. बसस्टँडमागे तळमजल्यावर दोन खोल्या. कुणाचा पाय मोडला की कुबड्या, कुणी अंथरुणाला खिळलं की चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, हँडल फिरवून पाठ वर करता येणारी कॉट. सगळं वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत घ्यायचं. पुढच्या खोलीत मी, माझं टेबल आणि वह्या. मागच्या खोलीत सामान आणि आमचे हे. सगळा गाव त्यांना फिटर म्हणायचा. दिवसभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी इथे येऊन फुकटात खुर्च्यांची चाकं सरळ करत बसायचे. प्रत्येक कॉटच्या हँडलला ते लाल टेप गुंडाळायचे. "हात घसरत नाही गं. आणि आपली वस्तू लांबून ओळखू येते," असं म्हणायचे. संस्थेत दुरुस्ती करणारा हा एकच माणूस. बाकीचे सगळे पदाधिकारी.

आणि वकीलसाहेब म्हणजे नियम. आमची सगळी नियमावली त्यांच्या हातची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बाई, इतिवृत्तात जे आहे ते घडलं. जे नाही ते घडलंच नाही." मी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

मग फिटर आजारी पडले. फुप्फुसात पाणी. डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं, "आडवं झोपवू नका. पाठ सतत उंच ठेवा, श्वास त्यावरच आहे." मी तशीच केंद्रात गेले. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या कॉटवर पेशंट होते. त्यांना उठवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? चार नंबरपुढे नोंदवहीत वकीलसाहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुरुस्तीस'.

त्यांच्या घरी गेले. एकदा नाही, तीनदा.

"चार नंबर दुरुस्तीला आहे बाई. नियम म्हणजे नियम. मोडकी वस्तू पेशंटला देता येत नाही."

हे मी घरी येऊन सांगितलं. फिटर जमिनीवर गादीवर होते. पाठीशी मी खुर्ची उलटी करून ठेवली होती आणि तिच्यावर उशा रचल्या होत्या. ते हसले. हसता हसता दम लागला, मग थांबून म्हणाले, "दुरुस्तीला? अगं, दुरुस्ती करणारा मी. माझ्याकडे कुठे आलीय?"

तो शब्द लिहिताना वकीलसाहेबांसारख्या हुशार माणसाच्या हे लक्षात आलं नाही. केंद्रात मोडकी वस्तू कुणाकडे जाते हे त्यांना माहीतच नव्हतं. मागच्या खोलीत ते कधी आलेच नव्हते ना.

"मग गेली कुठे चार नंबर?" मी म्हटलं.

"जाऊ दे. कुणाला तरी लागली असेल."

हे जाऊ दे, जाऊ दे करतच त्यांचा जन्म गेला. उशा घसरायच्या, खुर्ची सरकायची. शेवटी मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे, म्हणजे त्यांना टेकता यायचं. माझी नणंद यायची तेव्हा ती बसायची आणि मी उठून भाकरतुकडा खायचे. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी माझ्या पाठीला त्यांचा श्वास लागेना.

महिनाभरानं मी पुन्हा कामाला लागले. एका म्हातारीला वॉकर पोचवायचा होता. तिचं घर वकीलसाहेबांच्या व्याह्यांच्या शेजारी. विहीणबाई दारातच उभ्या होत्या. मला बघून हळहळल्या, पाणी प्या म्हणाल्या. आत गेले आणि बघते तर काय, बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर कॉट. हँडलला लाल टेप.

"ही किती दिवसांपासून आहे हो तुमच्याकडे?"

"झाले की तीनेक महिने! यांचा गुडघा धरला होता ना. तो आठ दिवसांत सुटला म्हणा. पण टीव्ही बघायला इतकी बरी पडते, पाठ वर करता येते हवी तेवढी. वकीलसाहेब म्हणाले, राहू दे, केंद्रात पडूनच असते."

त्या बाईच्या मनात पाप नव्हतं. मी पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि बाहेर आले. रडू आलं नाही, राग आला. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही. फिटर असते तर जाऊ दे म्हणाले असते. पण फिटर नव्हते, आणि ते का नव्हते ते मी आताच बघून आले होते.

आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं? बिचारी, दुःखानं भ्रमिष्ट झाली, म्हणाले असते. वकीलसाहेबांनी मला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं. म्हणून मी सभेची वाट बघितली. शेवटी 'ऐन वेळचे विषय' असतात. तोपर्यंत चहा आलेला असतो, खुर्च्या वाजत असतात. मी उभी राहिले आणि जे होतं ते चार वाक्यांत सांगितलं. स्पष्ट सांगितलं. वकीलसाहेब फोनवर होते. त्यांनी फोनवर हात धरला आणि म्हणाले, "हो हो, नोंद घ्या बाई."

मी नोंद घेतली. पुढच्या सभेत ती वाचली. त्यांनी त्याखाली सही केली. तो हा वर सांगितलेला दिवस.

आठ दिवसांनी दुपारी ते केंद्रात आले. हातात छापखान्याचा कच्चा कागद. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती आणि त्यात वर्षभराची इतिवृत्तं छापावीत असा ठराव त्यांनीच केला होता. त्या पानावर त्यांचा फोटो होता, म्हणून त्यांनी ते पान वाचलं. नाहीतर तेही वाचलं नसतं.

"बाई, हे काय छापायला दिलंत?"

"इतिवृत्त."

"हे घडलं कधी?"

"इतिवृत्तात आहे ना? मग घडलं."

ते खुर्चीवर बसले. दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही सूड उगवताय."

"हो," मी म्हटलं. "उगवतेय. हळू कशाला बोलताय? इथे आपण दोघंच आहोत."

"ते पान काढा. मी अध्यक्ष म्हणून सांगतोय."

"कायम झालेलं इतिवृत्त चिटणिसाला बदलता येत नाही. वगळायचं तर सभेत ठराव आणायचा, वगळायचा मजकूर मांडणाऱ्यानं अक्षरशः वाचून दाखवायचा, मग अनुमोदन. नियम सतरा. तुमच्याच हातचा आहे, दाखवू?"

त्यांनी घाम पुसला. मग म्हणाले, "मुलीच्या सासरी दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे... लाज वाटली हो. आणि मला वाटलं, फिटर दणकट माणूस, चार दिवसांत उठेल. तो मला भावासारखा होता."

"भाऊ जमिनीवर आणि व्याही कॉटवर. छान वाटणी केलीत. तुम्हाला मागायची लाज वाटली. मी तीनदा तुमच्या दारात मागायला आले होते, मला नाही वाटली."

ते गेले. दुसऱ्याच दिवशी एक टेम्पो आला आणि चार नंबर उतरवून गेला. त्यांना वाटलं असेल, एवढ्यावर भागेल.

पुढच्या सभेला पोस्टमन, औषधवाले, सगळे होते. वकीलसाहेब उभे राहिले. पंचवीस वर्षांत त्यांना उभं राहून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मागील सभेत कायम झालेल्या इतिवृत्तातला काही मजकूर वगळावा, असा ठराव मी मांडतो."

"कोणता मजकूर साहेब?" पोस्टमन म्हणाले. "वाचा तरी."

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. बोटानं जागा दाखवली. ते वाचायला लागले.

"ऐन वेळचा विषय. चिटणीस यांनी सभेच्या निदर्शनास आणले की, कॉट क्रमांक चार नोंदवहीत 'दुरुस्तीस' दाखवली असून ती अध्यक्षांच्या व्याह्यांकडे..." इथे त्यांनी घसा खाकरला. "व्याह्यांकडे टीव्ही पाहण्यासाठी वापरात होती. त्याच काळात, संस्थेतील दुरुस्ती करणारे एकमेव सभासद एकोणीस दिवस घरी जमिनीवर होते..."

पोस्टमननी चष्मा चढवला. चहा यायचा होता अजून.

"...व तेथेच वारले. अध्यक्षांनी नोंद घेण्यास सांगितले."

माझं इतिवृत्त पहिल्यांदा ऐकलं गेलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खरं सांगते, तो आवाज चिरकत होता तेव्हा मला बरं वाटत होतं, आणि अजून चार ओळी लिहायला हव्या होत्या असं वाटत होतं.

"अनुमोदन?" मी विचारलं.

वकीलसाहेबांनी औषधवाल्यांकडे बघितलं. हा त्यांचा हक्काचा हात. त्यांनी नुसती जांभई दिली तरी तो अनुमोदन द्यायचा. औषधवाल्यांच्या आईची चाकाची खुर्ची फिटरनी सहा वेळा नीट करून दिली होती. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

"पोस्टमनसाहेब?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मला काही माहीत नव्हतं बाई," पोस्टमन मलाच म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही हेच वाचलं होतंत?"

"हेच. अक्षर न अक्षर."

त्यांनी मान खाली घातली. मी वही ओढून घेतली आणि लिहिलं : अनुमोदनाअभावी ठराव बारगळला. वकीलसाहेब अजून उभेच होते. "सही कुठे करू?" त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. या वेळी त्यांनी सहीच्या वरचं सगळं वाचलं, आणि मगच सही केली.

सगळे गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. चार नंबर कोपऱ्यात होती. हँडल फिरवलं तर करकरलं. कित्येक महिने कुणी तेल घातलं नव्हतं. फळीवर फिटरची तेलाची बुधली होती, तिच्यात तळाशी थोडं होतं. ते घातलं आणि पुन्हा फिरवलं. पाठ वर यायला लागली. कसलाच जोर लागत नव्हता. नऊ फेऱ्यांत पाठ पूर्ण वर आली आणि तिथे थांबली. मी हात काढला तरी ती खाली गेली नाही.

माझी पाठ अजून दुखते.

मग पुढच्या खोलीत येऊन नोंदवही उघडली. चार नंबरपुढचा 'दुरुस्तीस' हा शब्द सरळ रेघेनं खोडला आणि लिहिलं, 'देण्यास तयार'. शेजारी आणखी एक रकाना असतो : दुरुस्ती कोणी केली. त्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव आहे, पान उलटलं तरी तेच. तिथे पेन टेकवलं आणि उचललं. तेवढा रकाना मी मोकळा सोडला.