न मागवलेला माल

"अहो, हे पुन्हा आलं!"

ताई एवढ्या जोरात ओरडल्या की नवऱ्यानं गालावरचा फेस तसाच ठेवून खोलीत डोकं घातलं.

लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यातून एक निळी चौकट वर सरकली होती. 'आपला संगणक धोक्यात आहे.' ती मिटेपर्यंत तिच्या उरावर एक नारिंगी चौकट येऊन बसली. तिचं म्हणणं, खरा धोका या निळीपासूनच आहे. दोन्ही रखवालदार, दोन्ही कंपनीनंच आत घालून पाठवलेले, आणि कालपासून दोघांचं एका ओट्यावरच्या दोन जावांसारखं चाललं होतं. एकीनं भांडं आपटलं की दुसरी दोन आपटणार.

"मिटव ना," नवरा म्हणाला.

"मिटवतेय! सकाळपासून दुसरं काय करतेय? साडेनऊ वाजले. बारा वाजता यातलं एक जरी डोकावलं ना, तर अकरा वर्षं पाण्यात."

ताई रुग्णालयाच्या भांडारात कामाला होत्या. सुया, सलाईन, चादरी, हातमोजे, सगळं त्यांच्या खिडकीतून बाहेर जायचं. एकवीस वर्षांत साहेब लोकांपासून सिस्टरांपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'ताई' म्हणायला लागले होते, इतकं की हजेरीपत्रकावरचं नाव वाचून नवीन माणूस 'ह्या कोण?' असं विचारायचा. भांडारप्रमुख निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ताई 'प्रभारी'. म्हणजे काम प्रमुखाचं, खुर्ची प्रमुखाची, सही करताना मात्र नावापुढे तो एक शब्द. आता कुठे ती जागा कायमची भरायचं ठरलं होतं. परीक्षा घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर. संधी एकच. नियम दोन: चेहरा पूर्णवेळ दिसला पाहिजे, आणि पडद्यावर परीक्षेखेरीज दुसरी खिडकी उघडता कामा नये. तीनदा उघडली की परीक्षा बंद.

लॅपटॉप आणायचं काम अंगावर घेतलं होतं धाकट्या दिरानं. दोन आठवडे तो 'ऑफर'साठी थांबला आणि काल संध्याकाळी विजयी मुद्रेनं खोकं घेऊन आला. आत्ताही तो खुर्चीच्या पाठीवर रेलून उभा होता.

"वहिनी, चौतीस सॉफ्टवेअर फुकट आहेत याच्यावर. चौतीस! आमच्या साहेबांच्या लॅपटॉपवर पण एवढी नाहीत."

"भावोजी, मी लॅपटॉप मागवला होता. सोबत वऱ्हाड नव्हतं मागवलं."

"राहू द्या हो. कुठे खायला मागतायत?"

"लक्ष मागतायत. दर दोन मिनिटांनी."

"मग नेट बंद करून टाका."

"आणि परीक्षा काय पोस्टानं देऊ?"

नवरा फेसातल्या फेसात हसला, आणि ताईंनी एक दोनशे पानी वही पुढे ओढली.

भांडारातला कोणताही जुना कप्पा रिकामा करायचा झाला तर ताई प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायच्या. कुणी मागवलं? कुठे वापरतात? उद्या नसलं तर कुणाचं अडेल? तिन्ही उत्तरं 'माहीत नाही' आली, की वस्तू बाहेर. याच रीतीनं त्यांनी वहीत रकाने पाडले आणि एकेका सॉफ्टवेअरला क्रमांक देऊन रांगेत उभं केलं.

"एक. तीन शहरांचं हवामान. तिन्ही शहरांत आपलं कुणी आहे?"

"नाही," नवरा म्हणाला.

"बाहेर. दोन, तीन, चार. पत्त्यांचे खेळ. पाच. हे म्हणतंय, मी फोटोतल्या सुरकुत्या काढतो."

"ते ठेव," नवरा म्हणाला, आणि नजर चुकवून दाढी पुरी करायला गेला.

बाहेर जायला मात्र कुणी राजी नव्हतं. 'खरंच काढायचं?' 'नक्की?' 'पुन्हा एकदा विचार करा.' एकानं तर रडका चेहरा दाखवून विचारलं, 'आमचं काय चुकलं?'

"तुझं काही नाही चुकलं बाबा," ताई पडद्याशी बोलल्या. "तू आलासच का, एवढंच विचारतेय."

सव्वीस क्रमांकाला चित्रच नव्हतं. नुसतं लांबलचक इंग्रजी नाव आणि शेवटी आकडे.

"फोटोबिटोचं असेल काहीतरी," दीर म्हणाला.

ताईंचं बोट थबकलं. भांडारात असं बिननावी काही निघालं की त्या ते लगेच फेकत नसत. लाल पट्टीच्या कपाटात पंधरा दिवस ठेवत. कुणी विचारत आलंच, तर निमूट परत काढून देत. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात कचरापेटीचं छोटं चित्र त्यांनी कालच पाहून ठेवलं होतं. हेच इथलं लाल कपाट, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. लागलं तर काढू परत. त्यांनी सव्वीसवर काट मारली.

दहा वाजून वीस मिनिटांनी चौतीसच्या चौतीस काटा पूर्ण झाल्या. पडदा असा शांत झाला, की ताईंना वाटलं, पोरं शाळेत गेल्यावर घर असंच व्हायचं. त्यांनी परीक्षेची चाचणी उघडून पाहिली.

'आपला चेहरा दिसत नाही.'

चौकोनात मिट्ट काळोख होता. ताईंनी कॅमेऱ्याचं भिंग रुमालानं पुसलं. नवऱ्यानं टेबलदिवा आणून त्यांच्या तोंडावर धरला. मग तोच दिवा लॅपटॉपच्या तोंडावर धरला. काळोख तसाच. दिरानं वहीत डोकावलं, बोट सव्वीसवर नेलं आणि हळूच म्हणाला, "वहिनी… ते कॅमेऱ्याचं होतं वाटतं."

"मग त्यात काय एवढं? काढू परत." ताईंनी कचरापेटी उघडली.

'येथे काहीही नाही.'

त्यांनी ती मिटली आणि पुन्हा उघडली. एखादं कपाट रिकामं दिसलं की आपण दार लावून पुन्हा उघडतो, तसं.

"कुठे गेलं सगळं?"

"ते यात नाही येत वहिनी. ते काढलं की… जातंच."

"मग पेटी कशाला ठेवलीय शोभेला? जाण्याआधी थोडे दिवस कुठे तरी ठेवत नाहीत?"

"नाही."

"हा काय कारभार आहे!" चूक लॅपटॉपची नव्हती, हे त्यांना कळत होतं, म्हणूनच त्या लॅपटॉपवर ओरडल्या.

दिरानं फोनवर शोधाशोध करून उपाय काढला. कंपनीकडून आलेलं सगळं मूळ जागी परत बसवायची सोय होती. फक्त सगळं. एकटा सव्वीस नंबर मिळत नव्हता.

"म्हणजे कॅमेरा हवा तर ते तेहेतीस पण?"

"हो. आणि पाऊण तास लागेल."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते. "करा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तिच्याकडे बघण्यापलीकडे काही काम नसल्यामुळे भावाभावांची जुंपली.

"तुला कुणी सांगितलं होतं ऑफरसाठी थांबायला? पंधरा दिवस आधी आणला असतास तर?"

"दादा, मी चांगल्यासाठीच…"

"चांगल्यासाठी! तुझं सगळं चांगल्यासाठीच असतं. त्या चांगल्याच्या वाटेला कोण जाणार!"

"भांडायचं असेल तर गॅलरीत जा दोघं," ताई म्हणाल्या. "बारानंतर घरात चूं आवाज चालणार नाही. आत्तापासून सवय करा."

अकरा वीसला लॅपटॉप जागा झाला. 'नमस्कार! आपण येथे नवीन आहात,' असं म्हणाला, आणि हवामान, पत्ते, सुरकुत्या, दोन्ही जावा, सगळे जसेच्या तसे हजर. चौकोनात ताईंचा चेहराही हजर झाला. तो त्यांना चांगलाच थकलेला दिसला.

पण आता वही तयार होती. नवरा वाचत होता, दीर घड्याळ बघत होता, ताईंचं बोट चालत होतं.

"एक."

"गेलं."

"दोन."

"खरंच काढायचं म्हणतंय. हो रे बाबा, हो. गेलं."

"सव्वीस…"

"सव्वीसला हात लावायचा नाही!" तिघंही एकदम ओरडले, आणि त्यातल्या त्यात एकदा हसूनही घेतलं.

बाराला तीन मिनिटं असताना निळी जाऊ गेली. उरली फक्त नारिंगी. सकाळसारखंच ती म्हणाली, मला काढायचं तर संगणक बंद करून पुन्हा चालू करा. तेवढा वेळ कुठून आणायचा? दिरानं घाईघाईनं तिच्या पोटात शिरून 'आज त्रास देऊ नका' या ओळीवर टिचकी मारली. "बसवलं तिला गप्प," तो म्हणाला. मग दोघे भाऊ दार ओढून बाहेर गेले.

परीक्षेत साठ प्रश्न होते, आणि त्यातला एकही ताईंना नवा नव्हता. दोन तारखांच्या सलाईनपैकी आधी कोणती द्यावी? पेटी फुटून आली तर पावतीवर काय शेरा मारावा? अहो, हे काय विचारणं झालं, ताई मनात म्हणत होत्या. हे तर आमच्याकडे झाडूवालीला पण येतं. चाळीस प्रश्न अर्ध्या तासात झाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून नारिंगी वर आली. 'आज आम्ही आपल्याला त्रास देणार नाही. हीच व्यवस्था कायम ठेवायची का?'

"उमेदवार, आपल्या पडद्यावर दुसरी खिडकी उघडली आहे," परीक्षेवर दुरून नजर ठेवणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉपमधून आवाज आला. "पहिली सूचना."

ताईंनी ओठ घट्ट मिटून चौकट मिटवली. सेहेचाळिसाव्या प्रश्नाला ती पुन्हा आली. दुसरा रखवालदार काढून टाकल्याबद्दल तिनं ताईंचं अभिनंदन केलं.

"दुसरी सूचना."

आता ताई वाचत नव्हत्याच, नुसत्या उत्तरांवर बोट मारत सुटल्या. पन्नास. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्नावा प्रश्न मुदत संपलेल्या औषधांच्या नोंदीचा होता. त्याच्या बरोबर डोक्यावर नारिंगी उभी राहिली. 'आमची सेवा आपल्याला कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.'

मग तो आवाज आला, पण आता उमेदवाराशी बोलल्यासारखा नाही.

"मॅडम, मला दिसतंय हो, जाहिरात आहे ती. पण मोजणी आपोआप होते. माझ्या हातात नाहीये काही."

"असू दे," ताई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम केलंत."

पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक अर्ज उघडला. परीक्षा थांबण्याचे कारण. जबाबदार व्यक्ती.

नवरा आत आला, त्यानं वाचलं आणि त्याचा पारा चढला. "लिही. स्पष्ट लिही. दिरानं ऑफरच्या नादात कचरा आणून घातला. जाऊ दे वरपर्यंत." दीर उंबऱ्यातच उभा होता. सकाळची ती विजयी मुद्रा आता ओळखू येत नव्हती.

ताईंनी पहिल्या रकान्यात लिहिलं, 'न मागवलेला माल वेळेत बाहेर काढता आला नाही.' दुसऱ्यात स्वतःचं नाव घातलं.

"वहिनी, माझं नाव टाका," दीर म्हणाला. "खरंच टाका. माझीच चूक आहे."

"तुम्ही आणून दिलंत भावोजी. ताब्यात घेताना तपासायचं काम घेणाऱ्याचं असतं. बारा तास हातात होते माझ्या. काल रात्री खोकं उघडून मी नुसता रंग बघत बसले." त्यांनी अर्ज पाठवून दिला. "आणि असे दारात उभे राहू नका. आत या, जेवायचं बघू."

दीड महिन्यानं आदेश निघाला. नवीन भांडारप्रमुख हिशेब विभागातून आल्या. चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला गरीब. पहिल्याच दिवशी त्या ताईंना म्हणाल्या, "खुर्ची तुमचीच राहू द्या, मी स्टुलावर बसते." ताई म्हणाल्या, "अहो, असं चालत नाही," आणि स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं. आठवडाभर त्यांनी एकेक कप्पा उघडून दाखवला. कुठलं झाकण अडतं, कुठल्या पुरवठादाराची पेटी नेहमी एकानं कमी भरते, सगळं सांगितलं.

सोमवारी दुपारी खिडकीवर प्रसूती विभागाच्या सिस्टर आल्या. "ताई, रबरी चादरी द्या दोन. छोट्या."

नवीन बाईंनी संगणकात शोधायला सुरुवात केली. चष्मा वर केला, खाली केला. "रबरी… रबरी… र मध्ये नाहीये. चादरीत बघते हं."

"ताई, तुम्ही द्या ना," सिस्टर कंटाळून म्हणाल्या. "तुम्हाला माहितीये की."

ताईंना माहीत होतं. डावीकडची दुसरी मांडणी, खालून तिसरी फळी, मेणकापडाच्या मागे. हात निघालाही होता. तो त्यांनी अर्ध्यातून मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली मांडीवर ठेवला.

"मॅडमना विचारा," त्या म्हणाल्या. "सापडतील त्यांना. जरा थांबा."