सोमवारची सही

“मिस्टर प्रुइट, कुत्रा विकायचा असता ना, तर हे पत्र एकदम छान होतं,” मिस केसलर म्हणाली आणि माझा कागद तिने टेबलावर उलटा ठेवला.

आमच्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच बायकोने केलेला सफरचंदाचा केक खात ती हे म्हणाली. वय असेल तीस-बत्तीस. कोलंबसहून दोन तास गाडी चालवत यायची आणि माजी सैनिकांचे खटले फुकट लढवायची, म्हणून मी ऐकून घेतलं. पत्रात मी लिहिलं होतं की माझा मुलगा डॅरेल कष्टाळू आहे, इमानी आहे, चर्चला येतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. चर्च सोडलं तर बाकीचं कुत्र्यालाही लागू पडत होतं, हे मान्य.

डॅरेल शेजारीच बसला होता. हसायला गेला आणि खोकला.

त्या खोकल्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. इराकमध्ये त्यांच्या छावणीचा कचरा मोठ्या खड्ड्यात घालून अष्टौप्रहर जाळत असत. टायर, रंगाचे डबे, काय वाटेल ते. पंधरा महिने तो धूर छातीत घेऊन डॅरेल परत आला. परतल्यावर इथल्या छावणीत दोनदा लघवीची तपासणी झाली, दोन्ही वेळा गांजा निघाला, आणि लष्कराने त्याला घरी पाठवलं. सुटकेच्या कागदावर शेरा होता, ‘सन्मानाविना’. आता शेजारच्या मिशिगनमध्ये गांजाची दुकानं आहेत आणि माझ्या वयाची माणसं गुडघेदुखीसाठी तिथे रांग लावतात. पण शेरा तो शेराच. एकेचाळिसाव्या वर्षी डॅरेलची फुप्फुसं आखडत चालली होती. सैनिकांच्या इस्पितळात इलाज होता, पण तो शब्द वाचला की तिथली बाई कागद परत सरकवायची. शब्द बदलून घेण्याचा अर्ज पंधरा वर्षांच्या आत करावा लागतो. आमच्या हातात सात आठवडे उरले होते.

“मला एकच गोष्ट कळत नाही,” मिस केसलर म्हणाली. “घरी पाठवायच्या आधी तीन अधिकाऱ्यांसमोर बाजू मांडायचा तुमचा हक्क होता. वकीलसुद्धा मिळाला असता. तो हक्क सोडतो म्हणून तुम्ही सही का केलीत?”

“दमलो होतो,” डॅरेल म्हणाला. “घरी यायचं होतं.”

माझी बायको आर्लीन भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

आता सांगून टाकतो. तो हक्क डॅरेलने सोडला नव्हता, मी सोडायला लावला होता.

मी बावीस वर्षं लष्करात काढली, सार्जंट म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात पोरं बापाला ‘सर’ म्हणत वाढली. एका रविवारी, आम्ही जेवून उठतोय तोच छावणीतून डॅरेलचा फोन आला. त्याने झालेलं सांगितलं. मी विचारलं, ओढलास का? तो म्हणाला, हो सर. मग मी म्हटलं, केलंस ना, मग सही कर. प्रुइट माणसं सबबी सांगत नाहीत. सोमवारी सकाळी त्याने सही केली. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे सांगायला आज लाज वाटते. मी माझ्या काळातल्या लष्कराचा हिशोब धरला होता. तिथे चूक कबूल केली की वरिष्ठ खांद्यावर हात ठेवायचे आणि प्रकरण मिटायचं. इथे कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले आणि शिक्का बसला.

त्या संध्याकाळी आर्लीनने माझं पत्र वाचलं. घडी घालून परत दिलं.

“एक ओळ कमी आहे, व्हर्जिल.”

“कुठली?”

“मला कशाला विचारतोस? मी तेव्हा इथेच भांडी पुसत होते.”

पंधरा वर्षांत ती त्याबद्दल बोललेली ती पहिली वेळ. मी तिच्यावर चिडलो, कारण ती बरोबर होती.

डॅरेल विहिरीच्या पंपांची कामं करतो. आमच्या टेकड्यांत प्रत्येक शेतावर एक बोअर असते, आणि पंप जळायचा तो थंडीतच. पूर्वी तो एकटा दोनशे फूट पाइप ओढून काढायचा. आता मी बरोबर जातो; माझा उपयोग पाइप पकडायचा चिमटा धरण्यापुरता आणि त्याला थांबवण्यापुरता. त्या शनिवारी तिसऱ्या पाइपला तो थांबला आणि गाडीच्या फळीला टेकून श्वास गोळा करत राहिला. मी म्हटलं, त्या फोनचं तू वकिलीणबाईंना सांगितलं नाहीस.

“कशाला सांगायचं? ते तुमचं माझं आहे.”

“सांगितलंस तर फायदा होईल तुझा.”

“सही मी केली, सर. हात माझा होता.” त्याने हातमोजा घट्ट केला. “गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे तुम्ही अध्यक्ष आहात. म्हातारपणी तुम्हाला कुणासमोर मान खाली घालायला लावायची नाहीये मला.”

मी चिमटा उचलला. बोलायला हवं होतं. आम्ही पाइप ओढायला लागलो.

अर्ज मुदतीत गेला. सुनावणी जुलैमध्ये झाली, आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन अधिकारी होते. मधली एक कर्नल बाई, केस पांढरे, आवाज शांत. आधी शपथ झाली. डॅरेलने कचऱ्याच्या खड्ड्याचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं. त्याच्या पुढचा ट्रक उडाला त्या दिवसाबद्दल चार वाक्यं बोलला, आणि ती चारही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग बाईंनी विचारलं, हक्क सोडताना कोणी सल्ला दिला होता का?

“नाही, मॅडम,” डॅरेल म्हणाला. “माझं मीच ठरवलं.”

शपथेवर खोटं बोलला. ज्या पोराने गांजा ओढल्याचं पहिल्या झटक्यात कबूल केलं होतं, तो माझ्यासाठी खोटं बोलला.

मग माझी पाळी आली. मिस केसलरने पत्र माझ्यापुढे ठेवलं, तेच, कुत्र्याचं. मी ते वाचलं नाही. बसून बोलायची परवानगी होती, पण मी उभा राहिलो.

“मॅडम, माझा मुलगा आत्ता खोटं बोलला. सल्ला मी दिला होता.”

“डॅड, बसा खाली,” डॅरेल हळूच म्हणाला. एरवी तो मला डॅड म्हणत नाही.

कर्नल बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, नेमकं काय बोलणं झालं? मी रविवारचा फोन सांगितला, सबबींचं वाक्यही सांगितलं. त्या लिहून घेत होत्या.

“आणखी काही म्हणाला होता तो?”

इथवर यायचं मी ठरवून आलो होतो, याच्या पुढे नाही. 

“म्हणाला, झोप लागत नाही, सर. मी म्हटलं, कुणालाच लागत नाही. मग तो म्हणाला, तसं नाही, ऐका ना. आणि मी... माझी कॉफी गार होत होती, मॅडम. मी म्हटलं, सही कर, आणि फोन ठेवला.”

कर्नल बाईंनी तेही लिहून घेतलं. मग डाव्या बाजूच्या अधिकाऱ्याने घसा साफ करून आभार मानले आणि सुनावणी संपली.

घरी जाताना गाडी डॅरेलने चालवली. पूल आला. मग म्हणाला, चांगलाच खोटा पाडलात मला. मी म्हटलं, हो. एवढंच.

उत्तर यायला ऑक्टोबर उजाडला. चार पानं होती, त्यातली तीन कलमांची. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की मानसिक आघाताची चिन्हं त्या वेळी दिसत होती आणि ती सांगण्याचा प्रयत्न झाला होता, हे वडिलांच्या साक्षीवरून मंडळ ग्राह्य धरतं. शब्द बदलला होता. ‘सन्माननीय परिस्थितीत सेवामुक्त.’ पूर्ण सन्मान नाही दिला, पण इस्पितळाला तेवढा पुरत होता. आर्लीन फ्रीजपाशी उभी राहून रडली. डॅरेलने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, कॉपी काढून ठेवायला हवी.

नोव्हेंबरात त्याला इस्पितळात पहिली वेळ मिळाली. मी बरोबर गेलो, तो नको म्हणत असताना. खिडकीवरच्या बाईने कागद पाहिला, आत घेतला, आणि बसा म्हणाली. आम्ही भिंतीला लागून बसलो. समोर टीव्हीवर कुणीतरी टर्की कशी भाजायची ते दाखवत होतं, आवाज बंद होता. डॅरेलने कोट काढला. भिंतीपलीकडे कुणाची तरी खुर्ची चाकांवर सरकत होती.

मी बराच वेळ मनाशी वाक्य जुळवत होतो, आणि ते शेवटी अगदीच साधं निघालं.

“त्या रविवारी, मी फोन ठेवला नसता तर, तू पुढे काय सांगणार होतास?”

तो माझ्याकडे बघत राहिला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. लहानपणी पाढे आठवताना करायचा तसे डोळे बारीक करून.

“नाही आठवत, सर,” तो म्हणाला. “टाळत नाहीये. बरीच वर्षं आठवत होतं.”

दार उघडून नर्सने प्रुइट नाव पुकारलं. तो उठला, कोट माझ्याकडे दिला आणि तिच्या मागोमाग आत गेला. मी तो कोट मांडीवर धरून बसून राहिलो.