विंगेतून आलेली उत्तरं

बाबांना विसरण्याच्या तपासणीला न्यायचं ठरलं आणि नातेवाइकांच्या तोंडांना पाणी सुटावं तसे सल्ले सुटले. वय झालं की होतंच. कशाला नसतं लचांड मागे लावून घेतेस. काकांनी तर घराण्याची अब्रू वेशीवर टांगू नको म्हणून दम भरला. बाबा गॅस चालू ठेवून फिरायला निघतात तेव्हा अब्रू कुठे असते, असं मी विचारलं. काकांनी फोन ठेवला. बरं झालं.

बाबा नट आणि आई त्यांची प्रॉम्प्टर. आयुष्यभर बाबा प्रकाशात उभे राहिले आणि आई डावीकडच्या विंगेत, अंधारात. ते अडखळले की तिने वाक्याचा पहिला शब्द फेकायचा, त्यांनी तो झेलून पुढे पळायचं. लग्नही त्यातूनच जमलं. आता नव्या नाटकात बाबांना मोठी भूमिका मिळाली होती, आणि तालमीत ते दोनदा भलत्याच नाटकातलं भाषण ठोकून मोकळे झाले. दिग्दर्शकाने मला कोपऱ्यात घेतलं. डॉक्टर ठीक म्हणाले तर भूमिका बाबांची, नाही तर दुसऱ्याची. हे त्यांच्या तोंडावर सांगायची त्याची टाप नव्हती, म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. मी घरी दोघांना सरळ सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "म्हणजे चाचणीच ना? आजवर चिक्कार दिल्यात."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बाबांनी केसांवरून हात फिरवला. आज वार कोणता, असं बाईंनी विचारलं. बाबांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे आई बसली होती.

"मंगळवार," आई पुटपुटली.

"मंगळवार," बाबा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

बाईंनी आईला मदत करू नका म्हणून सांगितलं. "मी कुठे काय बोलले?" आई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. माणसाला शिंक येते तसा तिला शब्द येतो. महिना, साल, मजला, सगळं तसंच पार पडलं. शेवटी बाईंनी तिला बाहेर बसवलं.

मग बाबांना तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: छत्री, घोडा, पितळ. मध्ये थोडी वजाबाकी करून घेतली आणि शब्द परत विचारले. बाबांनी दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीतून आवाज आला, "छत्री." मागोमाग बाहेर बसलेल्या कुठल्याशा आजोबांचा, "घोडा." पितळावर बाहेर चक्क वाद चालू होता, एक बाई तांबं म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दिवसभराच्या सगळ्या पेशंटांचा पेपर फुटला होता.

मी बाहेर गेले. आईला म्हटलं, तुला हे पास व्हायला हवेत की बरे व्हायला हवेत? आई म्हणाली, "तो अडकला की माझा जीव जातो गं."

"जाऊ दे थोडा वेळ," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.

ती उठली, जिना उतरली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मला खिडकीतून दिसत होती. तोंडावर पदर दाबलेला.

बाईंनी नवे शब्द दिले, पुन्हा वजाबाकी, पुन्हा प्रश्न. बाबांनी डावीकडे पाहिलं. तिथे वजनकाटा होता. मग छाती काढून, खणखणीत आवाजात म्हणाले, "खुर्ची, आगगाडी, मावशी." इतक्या ऐटीत, की बाईंनी लिहायलाच घेतलं होतं. तिन्हींपैकी एकही शब्द बरोबर नव्हता.

बाईंनी आडवळण घेतलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या. स्मरणशक्ती नक्की घसरली आहे. कशाने, ते रक्त तपासल्याशिवाय आणि मेंदूचा फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही. काही कारणांवर औषध असतं, काहींवर नसतं. मोठी भूमिका मात्र आत्ता नको.

आई वर आली. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिचे ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. बाबा वाट पाहत राहिले. मग त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि दिग्दर्शकाला स्वतःच सांगितलं, की भूमिका दुसऱ्याला दे.

पलीकडचा हरामखोर दोन मिनिटं हळहळला आणि लगेच विचारता झाला, की प्रॉम्प्टिंगला वहिनी येतील ना. आईने फोन घेतला. येईन, म्हणाली, पण विंगेत माझ्या शेजारी एक खुर्ची जास्तीची ठेव, नाटकाच्या वहीवर टॉर्च धरायला माणूस आणतेय.

बाबांनी ते ऐकलं. जिन्यात म्हणाले, "टॉर्च धरेन. पण जाहिरातीत नाव पाहिजे."

"आधी हात स्थिर ठेवून दाखव," आई म्हणाली. "मागच्या वेळी दिवे गेले तेव्हा टॉर्च तूच धरला होतास. सगळा उजेड स्वतःच्या तोंडावर."